झोप उडते, दारू उतरत नाही

‘बसायचं’ ठरलं की हल्ली सामानाच्या यादीत चकण्याच्या शेजारी एनर्जी ड्रिंकचे डबेही येतात. व्होडकात रेड बुल हा प्रकार पूर्वी मुंबई-गोव्याच्या पबमधला. आता वीस रुपयांची स्टिंगची बाटली गावातल्या पानटपरीवर मिळते आणि क्वार्टरमध्ये पाण्या-सोड्याऐवजी तीच ओतली जाते. ओतणाऱ्यांना विचारलं तर कारणं तीन मिळतात : चव गोड लागते, रात्रभर नाचता येतं आणि चढत नाही. पहिली दोन खरी आहेत. तिसरं साफ चूक आहे, आणि नुकसान होतं ते बहुतेक वेळा त्या तिसऱ्या समजुतीपायी.

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. दारूने त्याचा परिणाम आणखी वाढतो, शिवाय ती मेंदूची एकूण चालच मंद करते. कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून पेंग येत नाही. पण दारूने बिघडवलेलं बाकीचं तसंच राहतं : तोल, अंतराचा अंदाज, समोर कुत्रं आडवं आलं तर पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ, आणि मुख्य म्हणजे ‘हे आत्ता करावं का?’ हा विचार. रक्तातली दारू यकृत आपल्याच वेगाने जाळतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची अंघोळ किंवा एनर्जी ड्रिंक, यांतल्या कशानेही तो वेग वाढत नाही.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोत २६ तरुण पुरुषांवर केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या दिवशी त्यांना कधी नुसती दारू, कधी नुसतं एनर्जी ड्रिंक आणि कधी दोन्ही एकत्र दिलं. एकत्र घेतलं त्या दिवशी डोकं कमी दुखतंय, अंगात त्राण आहे, हातपाय ठीक चालतायत, असं त्यांनी सांगितलं. चाचण्या घेतल्या तेव्हा मात्र हातापायांचा मेळ नुसत्या दारूइतकाच बिघडलेला होता, डोळ्यांना दिसलेल्या खुणेला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ तेवढाच होता आणि श्वासातलं दारूचं प्रमाणही तेच होतं. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून आतली वाफ कमी होत नाही, तसंच हे.

पिणाऱ्याला थांबवणारी सगळ्यांत भरवशाची गोष्ट बायको नाही, मित्र नाही आणि बारचा वेटर तर नाहीच. ती झोप आहे. दोन-तीन पेगनंतर डोळे जड होतात, माणूस कोपऱ्यात कलंडतो, आणि त्या कलंडण्यामुळे किती तरी गाड्या पार्किंगमधून बाहेरच पडत नाहीत. एनर्जी ड्रिंक नेमकी तीच झोप काढून घेतं. माणूस तितकाच प्यालेला असतो, पण आता तो जागा असतो, उत्साहात असतो आणि त्याच्या खिशात किल्ली असते.

शिवाय ‘अजून एक’ची इच्छाही वाढते. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत १८ ते ३० वयाच्या ७५ जणांना व्होडका देण्यात आली. काहींच्या व्होडकात एनर्जी ड्रिंक होतं, काहींच्या सोडा, आणि आपल्याला काय मिळालंय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. एनर्जी ड्रिंकवाल्यांची आणखी पिण्याची ओढ सोडावाल्यांपेक्षा जास्त वाढली. दारूचा पहिला टप्पा खुलवणारा असतो आणि नंतरचा सुस्तावणारा. कॅफिन तो पहिला टप्पा लांबवतं, म्हणून पार्टी संपल्यासारखी वाटतच नाही.

आता हिशोब. आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका साधारण ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ६० मिलिच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ३० मिलिच्या स्मॉलमध्ये १० आणि १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ६५० मिलिची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर त्यात ४० ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट बघावा.

६० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला की त्याच्या रक्तात दर १०० मिलिमागे साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. त्याच वजनाच्या बाईच्या रक्तात त्याहून जास्त, कारण शरीरातल्या पाण्याचं प्रमाण कमी असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवण्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका पेगमध्येच ती ओलांडली. उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. या हिशोबाने रात्री दहाला सुरू केलेली आणि बाराच्या आत संपवलेली क्वार्टर पहाटे सहाच्या आसपास कुठे कायद्याच्या मर्यादेखाली येते आणि पूर्ण जायला आठ वाजतात. हे ढोबळ गणित आहे. जेवण, वजन, यकृताची तब्येत यांनी ते पुढेमागे होतं. पण ‘आता उतरली’ या भावनेपेक्षा हे गणित कितीतरी जास्त विश्वासाचं आहे.

याच क्वार्टरबरोबर तीन डबे गेले तर? भारतात एनर्जी ड्रिंकला सरकारी भाषेत ‘कॅफिनयुक्त पेय’ म्हणतात आणि अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची चौकट आखली आहे. म्हणजे २५० मिलिच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम, एका कडक कॉफीइतकं. इतक्याने आकाश कोसळत नाही. पण कॉफी गरम असते, फुंकून फुंकून प्यावी लागते, आणि रात्री साडेअकराला लागोपाठ तीन कप कॉफी कोणी पीत नाही. गार, गोड डबा मात्र दोन घोटांत संपतो. तीन डबे म्हणजे २२५ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम ही सुरक्षित पातळी सांगितली. आपल्या डब्यांवरही बारीक अक्षरांत दिवसाला ५०० मिलिपेक्षा जास्त पिऊ नये, लहान मुलांनी आणि गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी टाळावं, असं छापलेलं असतं. तीन डब्यांत ७५० मिलि होतात. त्यात दिवसभराचा चहा आणि जिमला जाणाऱ्यांनी संध्याकाळी घेतलेली व्यायामाआधीची पावडर मिळवा. तिच्या एका मापातच कित्येकदा २०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि ती घेणाऱ्याला बहुधा हे माहीत नसतं.

कॅफिन शरीरात अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री बाराला घेतलेल्यातलं निम्मं पहाटे पाचला तुमच्या अंगात असतं. झोप लागली तरी ती तुटक. सकाळी लोणावळ्याहून किंवा अलिबागहून परत निघणारा जो चालक असतो, त्याच्या रक्तात थोडी दारू उरलेली असते आणि डोळ्यांवर न झालेली झोप. रात्रीच्या नाकाबंदीची सगळ्यांना भीती असते, पण सकाळी सातच्या या प्रवासाबद्दल कोणी बोलत नाही.

अमेरिकेत तर दारू आणि कॅफिन एकाच डब्यात भरून विकायला काढलं होतं. शिकागोच्या एका कंपनीचं ‘फोर लोको’ नावाचं पेय २००८ नंतर तिथल्या विद्यार्थ्यांत भलतंच गाजलं. सुमारे ७०० मिलिचा रंगीबेरंगी डबा, फळांची चव, कॅफिन, टॉरिन, ग्वाराना आणि बारा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. म्हणजे एका डब्यात आपल्या क्वार्टरहून थोडं जास्तच. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रोझलिन गावी एका घरगुती पार्टीनंतर सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नऊ विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांची अवस्था इतकी वाईट होती की कोणीतरी मुलींच्या पेल्यांत गुंगीचं औषध टाकलं असावं, असा संशय आधी आला. तपासाअंती मुख्यतः हे डबेच निघाले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा चार कंपन्यांना इशारापत्रं पाठवली : माल्टपासून केलेल्या दारूत मिसळलेलं कॅफिन सुरक्षित मानता येत नाही. आदल्याच दिवशी फोर लोकोच्या कंपनीने कॅफिन, टॉरिन आणि ग्वाराना काढून टाकत असल्याचं जाहीर केलं होतं. डबे गेले. पण टेबलावर बाटली आणि डबा वेगवेगळे ठेवून आपल्या हाताने मिसळायला ना तिथे बंदी आहे, ना इथे.

अशा मिश्रणाने लोक धोकादायक वागतात, हे कशावरून म्हणायचं? नॉर्थ कॅरोलायनातल्या दहा विद्यापीठांतल्या चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी मेरी क्लेअर ओब्रायन या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टर बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसोबत केली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहणीआधीच्या महिन्याभरात दारू प्यालेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एनर्जी ड्रिंक मिसळणारा होता. किती दारू प्याली हे हिशोबात धरूनही या गटात प्यालेल्या चालकाच्या गाडीत बसणं, इजा होणं, उपचारांची गरज पडणं, लैंगिक गैरफायदा घेणं आणि घेतला जाणं, हे सगळं इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं. फ्लोरिडातल्या संशोधकांनी रात्री बारमधून बाहेर पडणाऱ्यांच्याच श्वासाची तपासणी केली. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मिश्रण घेतलेले लोक खूप प्यालेल्या अवस्थेत बाहेर पडण्याची शक्यता तिप्पट होती आणि ‘आता गाडी चालवत घरी जाणार’ असं सांगण्याची शक्यता चौपट. शेवटचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तिथे प्रश्न नशेचा नाही, स्वतःबद्दलच्या अंदाजाचा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुळातच बेफिकीर असलेली मुलं असं मिश्रण निवडतात, मिश्रण त्यांना बेफिकीर करत नाही, असं काही संशोधक म्हणतात. कॅफिनमुळे नशा जाणवेनाशी होते, हेही त्यांना आणि युरोपच्या त्या संस्थेला पटलेलं नाही. या बाजूच्या काही संशोधनाला एनर्जी ड्रिंक कंपनीचा पैसा होता, हे त्या संशोधकांनीच नोंदवलेलं आहे. पण तेवढ्याने ते खोटं ठरत नाही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते घरी परतायच्या प्रश्नापुरता तो बाजूला ठेवता येतो. मिश्रण माणसाला बेफिकीर करत असो किंवा बेफिकीर माणूस ते निवडत असो, त्याच्या मागच्या सीटवर बसलेल्याला दोन्हींत सारखाच धोका आहे.

मारामारीचं एक उदाहरण स्कॉटलंडचं. तिथे ‘बकफास्ट’ नावाची गोड वाइन मिळते. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या एका मठातले बेनेडिक्टाइन साधू ती बनवतात. पंधरा टक्के अल्कोहोल आणि बाटलीत भरपूर कॅफिन. ग्लासगो आणि आसपासच्या स्ट्रॅथक्लाइड पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नोंदींत २००६ ते २००९ या काळात या वाइनचं नाव पाच हजारांहून जास्त वेळा आल्याचं उघड झालं, तेव्हा साधूंच्या या व्यवसायावर बरीच चर्चा झाली. सगळा दोष कॅफिनचा, असं यातून सिद्ध होत नाही. स्वस्त दारू आणि बेकारीही तिथे होती. पण पेंगणारा माणूस भांडत नाही, एवढं आपल्याकडच्या वरातीत आणि विसर्जन मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहणाऱ्या कोणालाही कळतं.

मग करायचं काय? पहिली आणि सगळ्यांत सोपी गोष्ट : मिसळू नका. प्यायचीच असेल तर पाणी किंवा साधा सोडा घ्या. लिंबाच्या सोड्यातही अडचण नाही. गोव्यात उर्राकबरोबर लिमका घेतात, तिच्यात कॅफिन नसतं. रम आणि कोला ही जुनी जोडी आहे. कोलात कॅफिन असतं, पण एनर्जी ड्रिंकच्या साधारण एक तृतीयांश. एका ग्लासात फार फरक पडत नाही, रात्रभरात पडतो. आणि वजन वाढू नये म्हणून शुगर-फ्री डबा निवडणाऱ्यांसाठी : साखर नसलेल्या पेयातून दारू पोटातून लवकर पुढे सरकते आणि श्वासातलं अल्कोहोल साखरेच्या पेयापेक्षा जास्त वर जातं, असं प्रयोगांत दिसलं आहे. ‘डाएट’ म्हणून घेतलेलं पेय जास्त चढतं.

एनर्जी ड्रिंक आधीच पोटात गेलं असेल, दुपारी अभ्यासासाठी किंवा लांबच्या ड्रायव्हिंगसाठी, तर त्या संध्याकाळी ‘मला काहीच झालेलं नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याही नाही आणि मित्राच्याही नाही. पेग मोजा. आठवणीवर मोजू नका. प्रत्येक पेगला बाटलीचं एक टोपण, एक शेंगदाणा किंवा मोबाइलमध्ये एक नोंद, काहीही चालेल. ग्लास अर्धा असताना कोणी ‘टॉप अप’ करायला आलं तर हात आडवा ठेवा, कारण अर्धवट भरलेल्या ग्लासांचा हिशोब देवालाही लागत नाही. आपल्याकडे ‘कपॅसिटी’चा फार अभिमान असतो. कपॅसिटी म्हणजे दारू कमी चढते असं नाही, मेंदूला तिची सवय झाल्याने ती कमी जाणवते. रक्तातला आकडा त्याचाही वाढतच जातो. म्हणून कपॅसिटीवाल्याने एनर्जी ड्रिंक घेतलं तर त्याच्याकडचा उरलासुरला इशाराही जातो.

किल्लीचा निर्णय पहिल्या घोटाच्या आधी झाला पाहिजे. बाटली उघडायच्या आधीच सगळ्या किल्ल्या अशा माणसाकडे द्या जो आज पिणार नाही. तसा कोणी नसेल तर आधीच रिक्षा किंवा कॅब, किंवा मुक्काम. मुळशी, पानशेत, कर्जतच्या फार्महाउसवर रात्री कॅब मिळत नाही, तिथे मुक्काम गृहीतच धरा आणि सकाळच्या चालकाने मध्यरात्रीआधी थांबावं, हेही. कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५ हजार आणि दोन वर्षांपर्यंत. विम्याच्या दाव्यातही मग अडचणी येतात. गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरवरही हाच कायदा लागतो, तो सुट्टीवर नसतो.

पाण्याचं तसंच. दारू आणि एनर्जी ड्रिंक घेऊन रात्री समुद्रात, धरणात किंवा विहिरीत उडी मारणाऱ्याला आपण पोहू शकतो असंच वाटत असतं. गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक दारू पिऊन पाण्यात उतरू नका, असं पुन्हा पुन्हा सांगत असतात. धरणावर आणि खाणीच्या डबक्यावर सांगायला कोणीही नसतं.

लैंगिक बाबतीत आपल्या मासिकांतून गुळमुळीत लिहिलं जातं, म्हणून स्पष्टच सांगतो. नशेमुळे आपण कशाला होकार देतोय हे जिला कळत नाही, तिचा होकार कायद्याने संमती धरला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते लिहिलेलं आहे. एनर्जी ड्रिंकमुळे ती नाचते आहे, हसते आहे, जागी आहे, म्हणजे शुद्धीत आहे असं नाही. मुलांनो, शंका असेल तर थांबा. स्वतःच्या मर्जीने प्यालो होतो, ही सबब न्यायालयात चालत नाही. आणि एकत्र गेलेल्या मैत्रिणींनी एकत्रच परतायचं, ‘तू जा, मी येते’ला त्या रात्री मान द्यायचा नाही.

काही लोकांनी हे मिश्रण अजिबात घेऊ नये : रक्तदाब, हृदयाची धडधड किंवा अनियमित ठोके, फेफरं, यकृताचा आजार असलेले आणि गरोदर स्त्रिया. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं आणि गर्भनिरोधक गोळ्या कॅफिन शरीरातून बाहेर पडण्याचा वेग कमी करतात, म्हणजे एका डब्याचा परिणाम लांबतो. मानसिक आजारावरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. ‘थोडी घेतली तर चालेल का’ हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

पालकांनो, महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट २५ आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, गोव्यात १८. एनर्जी ड्रिंकला दुकानात वय कोणी विचारत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी घालण्याची घोषणा विधान परिषदेत केली. त्या घोषणेवर विसंबून राहू नका, शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जाऊन बघा. आठवीतल्या मुलाच्या दप्तरात रिकामी बाटली सापडली तर ती दारूची पहिली पायरी, असं समजून आरडाओरडा करायचं कारण नाही. पण झोप, भूक, चिडचिड याबद्दल त्याच्याशी बोला आणि ते पेय थांबवा. मोठ्या मुलांशी बोलताना ‘पिऊ नकोस’ एवढंच सांगितलं तर ती पुढचं सांगणार नाहीत. ‘कधीही, कितीही वाजता, कुठूनही फोन कर, त्या रात्री मी काहीही विचारणार नाही, न्यायला येईन’ हे वाक्य एकदा तोंडातून काढा आणि वेळ आली तर पाळा. विचारपूस दुसऱ्या दिवशी जेवणानंतर.

घरी पार्टी देणाऱ्यांनी आणि हळदीच्या, वाढदिवसाच्या कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एनर्जी ड्रिंकचे खोके मागवू नयेत आणि जेवण अकराच्या आत वाढावं. रिकाम्या पोटी एक वाजेपर्यंत पिणं ही आपल्या पार्ट्यांची सगळ्यांत वाईट रीत आहे. डबे हवेतच, असा हट्ट धरणारा एक असतोच, त्याचे डबे त्याने स्वतः आणावेत.

दारूशिवाय शनिवार जात नाही किंवा डब्याशिवाय सोमवार उगवत नाही, अशी वेळ आली असेल तर मदत मागण्यात लाज नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकांवर फुकट बोलता येतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्तीचं काम १९८६ पासून करतं आहे.

शेवटी, कोणी पडलं तर. हलवून, चिमटा काढून जाग येत नाही. श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर. अंग गार, ओठ-नखं निळसर. बेशुद्धीत उलटी किंवा झटके, यांतलं एक जरी दिसलं तरी ‘झोप लागली’ म्हणून सोडायचं नाही, मदत बोलवायची. हे मिश्रण घेतलेल्याला छातीत दुखणं किंवा न थांबणारी धडधड झाली तरी तेच. शेवटचा पेग संपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणून ‘सकाळपर्यंत उतरेल’ हा हिशोब इथे लावायचा नाही. कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड थोडं खाली कलतं ठेवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. कॉफी, लिंबू, ताक पाजू नका, उलटी काढायला घशात बोट घालू नका, उभं करून चालवू नका, अंगावर पाणी ओतू नका, एकटं सोडू नका. १०८ ला फोन लावा आणि पहिलं वाक्य हे सांगा : माणूस शुद्धीवर नाही, श्वास मंद आहे. मग पत्ता. रुग्णालयात किती दारू, किती डबे आणि कधीपासून, हे खरं सांगा, डॉक्टरांचा निम्मा वेळ तेवढ्याने वाचतो. पोलीस येतील, घरी कळेल, म्हणून थांबू नका. घरच्यांना तुम्ही नंतर समजावू शकाल.